अग्निसह सिमेंट व त्याच्या उष्णतेची परीक्षा

कळीच्या चुन्यावर पाणी ओतले असता काय होते, हे तुमच्यापैकी ज्यांनी पाहिले असेल त्यांस निराळे सांगावयास नको. खडा फुगतो, तडकतो, पाणी खदखदू लागते आणि वाफेचा लोट उठतो. खाली चूल नाही, जाळ नाही. तरीही पाण्यास उकळी फुटते. एक किलोग्रॅम शुद्ध कळीच्या चुन्याचा पाण्याशी संयोग होताना सुमारे १,१५० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. ती सर्व वाया न जाता पाण्यासच मिळाली, तर ३० अंश सेंटिग्रेडचे साडेतीन लिटर पाणी तीत उकळीस येईल.

सिमेंटची गोष्टही याच जातीची आहे. फरक इतकाच की सिमेंट ही ऊब सावकाश सोडते, सबब ती आपल्या लक्षात येत नाही. नव्या स्लॅबवर दुसऱ्या दिवशी सकाळी हात ठेवून पाहणाऱ्या गवंड्यास मात्र ती ठाऊक असते. पुष्कळ लोकांची अशी समजूत असते की सिमेंट वाळते म्हणून घट्ट होते. ही समजूत चुकीची आहे. चिखल वाळून घट्ट होतो. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होते आणि म्हणूनच ते पाण्याखालीही घट्ट होऊ शकते. या संयोगास आपण जलसंयोग म्हणू. जलसंयोग होतो तेथे उष्णता निघते. आणि जी गोष्ट निघते ती मोजता येते. डॉक्टर रोग्याच्या तापाचा तक्ता पाहून शरीराच्या आत काय चालले आहे याचे अनुमान करितात, त्याचप्रमाणे सिमेंटच्या उष्णतेचा तक्ता पाहून ते आत कसे व किती जमत आहे, हे जाणता येते. या लेखात आपण ही परीक्षा भट्टीच्या अस्तरास लागणाऱ्या अग्निसह सिमेंटास कशी लावितात, ते पाहू.

भट्टीचे अस्तर

आपल्या कॅम्प नं. ३ मधून पूर्वेकडे निघाले की अंबरनाथ व त्यापुढे बदलापूर येथील औद्योगिक वसाहती लागतात. तेथील कारखान्यांत बॉयलर आहेत, धातू तापविण्याच्या व ओतण्याच्या भट्ट्या आहेत. आपल्या गावातही पावाच्या भट्ट्या आहेत. तुमच्यापैकी कित्येकांचे वडील, काका वा थोरले बंधू अशा ठिकाणी नोकरीस असतील. या प्रत्येक भट्टीच्या आतील अंगास असे एक अस्तर असावे लागते की ते आगीत वितळू नये, तडकू नये व बाहेरच्या लोखंडी कवचाचे रक्षण करावे. पूर्वी हे अस्तर केवळ अग्निसह विटांचे असे. सांप्रत विटांच्या जोडीने अग्निसह काँक्रीटचाही पुष्कळ उपयोग करितात. भाजलेल्या अग्निमृत्तिकेची अथवा बॉक्साइटची खडी, त्याच जातीची बारीक पूड आणि त्यांस बांधून ठेवणारे विशेष सिमेंट, असे हे मिश्रण असते. ते कोरडे पोत्यात भरून येते. कामाच्या जागी त्यात मोजके पाणी घालून कालवितात आणि साच्यात ओततात. यायोगे वाकडीतिकडी कोणतीही आकृती सांध्यावाचून करिता येते.

येथे कोणी विचारील, की इमारतीस वापरतो ते नित्याचे पोर्टलंड सिमेंट येथे का चालू नये? त्याचे उत्तर असे. पोर्टलंड सिमेंटच्या जलसंयोगात विझलेला चुना उत्पन्न होतो. सुमारे ४५० ते ५०० अंशांवर त्यातील पाणी निघून जाते व मागे कळीचा चुना उरतो. भट्टी थंड झाल्यावर हा चुना हवेतील ओल शोषितो, फुगतो आणि अस्तरास आतून फोडितो. म्हणजे लेखाच्या आरंभी सांगितलेली चुन्याची करामतच येथे शत्रू होते.

हे सिमेंट कोठून आले

दक्षिण फ्रान्समध्ये काही भागांतील पाण्यात व जमिनीत सल्फेट क्षार असल्यामुळे नित्याचे काँक्रीट कुजत असे. त्यावर उपाय शोधीत असता ज्यूल बिए या रसायनशास्त्रज्ञाने चुनखडी व बॉक्साइट एकत्र वितळवून एक नवे सिमेंट सिद्ध केले. त्याचे पेटंट १९०८ साली झाले. यात चुना व अॅल्युमिना यांचे संयुग मुख्य असल्यामुळे त्यास अॅल्युमिना सिमेंट म्हणतात. ते अतिशय त्वरेने कठीण होते. नित्याच्या सिमेंटास जी शक्ती येण्यास कित्येक दिवस लागतात, ती यास एका दिवसात येते. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याने तोफांचे चौथरे झटपट उभारण्यासाठी याचा उपयोग केला. पुढे असे आढळले की याच्या जलसंयोगात विझलेला चुना उत्पन्न होत नाही आणि पुरेसे तापल्यावर त्याचे कण खडीशी भाजून एकजीव होतात. यास्तव भट्टीच्या अस्तरासाठी ते फार योग्य ठरले. यात अॅल्युमिना सुमारे ४० टक्के असला तर सिमेंट करड्या रंगाचे व मध्यम उष्णतेच्या कामाचे असते. ७० वा ८० टक्के असला तर ते पांढरे व अतितीव्र उष्णतेस टिकणारे असते.

या सिमेंटचे मूळ द्रव्य जे बॉक्साइट, ते आपल्या महाराष्ट्रास परके नाही. कोल्हापूर, रत्नागिरी व रायगड या जिल्ह्यांतील डोंगरमाथ्यांवर जांभ्या दगडाबरोबर ते सापडते.

उष्णता मोजण्याची विद्या

उष्णतामान व उष्णता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे प्रथम ध्यानात घ्यावे. दिव्याच्या ज्योतीचे उष्णतामान फार, परंतु तिच्यातील उष्णता थोडी. तपेलीभर कोमट पाण्याचे उष्णतामान थोडे, परंतु त्यातील उष्णता पुष्कळ. हा भेद अठराव्या शतकात स्कॉटलंडातील जोसेफ ब्लॅक याने स्पष्ट केला. पुढे १७८२-८३ च्या हिवाळ्यात फ्रान्समधील लाव्हॉझिए व लाप्लास यांनी बर्फाचे उष्णतामापक तयार केले. पात्रात वस्तू ठेवावी, भोवती बर्फ भरावे आणि किती बर्फ वितळले ते पाण्याचे वजन करून पाहावे, अशी ही युक्ती. त्यांनी गिनीपिग नावाचा लहान प्राणी त्यात ठेवून त्याच्या शरीराची उष्णतादेखील मोजली. मँचेस्टरजवळचा मद्य गाळणाऱ्या घराण्यातील जेम्स ज्यूल याने पुढे उष्णता व श्रम यांचे प्रमाण निश्चित केले. त्याच्याच नावाने आपण आज उष्णता मोजतो. जुन्या पुस्तकांतील एक कॅलरी म्हणजे सुमारे ४.२ ज्यूल होत.

सिमेंटची उष्णता मोजण्याच्या रीती मुख्यत्वे तीन.

पहिली विद्रावाची. ताजे सिमेंट व जलसंयोग झालेले सिमेंट ही निरनिराळी आम्लात विरघळवून प्रत्येक वेळी किती उष्णता निघाली ते मोजावयाचे. दोहोंतील वजाबाकी म्हणजे जलसंयोगाची उष्णता. दीर्घ मुदतीचा हिशेब हिच्यायोगे कळतो.

दुसरी कोंडलेल्या उष्णतेची. मिश्रण थर्मासासारख्या पात्रात ठेवून त्याचे उष्णतामान कसे चढते ते वेळोवेळी टिपून घ्यावयाचे. पात्रातून जी थोडी उष्णता निसटते तिचा हिशेब आधी करून ठेवावा लागतो.

तिसरी समान उष्णतामानाची. हीत काही ग्रॅम नमुना ठरावीक उष्णतामानावर राखलेल्या धातूच्या ठोकळ्यावर ठेवितात आणि त्यातून बाहेर वाहणाऱ्या उष्णतेचा प्रवाह क्षणोक्षणी मोजितात. याचे मर्म झेबेक याने १८२१ साली शोधलेल्या तत्त्वात आहे: दोन भिन्न धातूंच्या तारांचे दोन सांधे भिन्न उष्णतामानावर असले तर त्या तारांतून वीज वाहते. ती वीज मोजली की उष्णतेचा प्रवाह कळला. हे यंत्र वॉटाच्या हजाराव्या हिश्श्याएवढा प्रवाहही ओळखते. योगायोग असा की, सिमेंटच्या रसायनाचा पाया घालणारा आणि भट्टीचे उष्णतामान मोजण्यासाठी प्लॅटिनमच्या तारांचे जोड प्रचारात आणणारा पुरुष एकच. तो म्हणजे फ्रेंच शास्त्रज्ञ हेन्री ल शातेलिए.

आलेख कसा वाचावा

कागदावर आडव्या रेघेवर वेळ व उभ्या रेघेवर उष्णतेचा प्रवाह मांडला असता सिमेंटचा इतिहास डोळ्यांपुढे उभा राहतो. पाणी घालताच एक लहानसा उंचवटा दिसतो. कण भिजण्याची ती उष्णता होय. मग शांतता पसरते. या अवधीत सिमेंट झोपी गेल्यासारखे भासते, पण कण हळूहळू विरघळत असतात. याच अवधीत कालवणे, वाहून नेणे, ओतणे व ठोकणे ही सर्व कामे उरकावी लागतात. नंतर रेघ एकाएकी वर चढू लागते, कळसास पोचते व पुन्हा उतरते. पोर्टलंड सिमेंटचा हा डोंगर बसका व रुंद असतो. अॅल्युमिना सिमेंटचा डोंगर उंच व सुळक्यासारखा असतो; कारण आपल्या एकंदर उष्णतेपैकी फार मोठा भाग ते पहिल्या चोवीस तासांतच सोडून मोकळे होते.

या आलेखावरून चार गोष्टी पाहाव्या.

१. रेघ वर चढण्यास किती वेळ लागला? यावरून कामास मिळणारा अवधी कळतो.

२. कळस केव्हा आला? साचा काढण्याची घटका तत्पूर्वी नव्हे, हे यावरून कळते.

३. चढण किती उभी आहे? फार उभी असल्यास जाड अस्तर आतून एकाएकी तापून तडकण्याचे भय असते.

४. रेघेखालचे एकंदर क्षेत्रफळ किती? यावरून किती सिमेंट खरोखर कामास आले ते कळते.

या चौथ्या गोष्टीचा आपल्याकडे विशेष उपयोग आहे. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात पोती महिनोन्‌महिने पडून राहिली तर हवेतील ओलीनेच सिमेंटचा काही अंश मरतो. डोळ्यांस ते ताज्यासारखेच दिसते. परंतु आलेखात त्याची रेघ सामान्यतः उशिरा चढते व डोंगर ठेंगणा भरतो. पोत्यावरील तारीख खोटी ठरेल, पण उष्णतेची रेघ सहसा फसवीत नाही.

मिश्रणात घातलेल्या अत्यल्प द्रव्यांचा प्रभावही असाच प्रकट होतो. लिथियमचे क्षार दहा हजारांत काही भाग घातले तरी अॅल्युमिना सिमेंट लवकर जमू लागते. लिंबातील आम्ल, म्हणजे सायट्रिक आम्ल, घातले तर ते रेंगाळते. आणि ज्या घमेल्यात वा यंत्रात पूर्वी नित्याचे पोर्टलंड सिमेंट कालविले होते ते न धुता वापरले, तर अग्निसह मिश्रण कित्येकदा काही मिनिटांतच आळून जाते व टाकून द्यावे लागते. म्हणून जाणते कारागीर या कामाची घमेली, फावडी व थाप्या निराळ्या ठेवितात आणि पाणी पिण्याजोगे स्वच्छ घेतात.

आपल्या हवेतील एक चमत्कार

साधारण नियम असा की उष्णतामान वाढले की रासायनिक क्रिया वेग घेते. उन्हाळ्यात दूध लवकर नासते, तसेच पोर्टलंड सिमेंट लवकर जमते. अॅल्युमिना सिमेंट मात्र येथे अपवाद आहे. सुमारे २० अंशांपासून ३० अंशांपर्यंत उष्णतामान वाढत गेले असता ते लवकर जमण्याऐवजी उशिरा जमू लागते! तीस अंशांच्या आसपास ही दिरंगाई सर्वांत अधिक असते. त्याच्या वर गेले की ते पुन्हा त्वरेने, किंबहुना फारच त्वरेने, जमू लागते.

याचे कारण असे. या सिमेंटपासून होणारे स्फटिक उष्णतामानाप्रमाणे भिन्न असतात. थंडीत भरपूर पाणी धरून ठेवणारा एक स्फटिक होतो. मधल्या हवेत थोडे पाणी धरणारा दुसरा होतो. आणि उष्ण हवेत सर्वांत स्थिर असा तिसरा होतो. मधल्या स्फटिकाचे पहिले अंकुर फुटणे फार अवघड असते. थंडीचा मार्ग बंद झालेला आणि उष्णतेचा मार्ग अद्याप खुला न झालेला, अशा संधिकाळी सिमेंट घुटमळत राहते.

आता आपल्या गावाचा विचार करा. जुलै-ऑगस्टात येथील उष्णतामान दिवसरात्र बहुधा २५ ते ३० अंशांच्या दरम्यान असते. म्हणजे नेमके घुटमळण्याच्या टप्प्यात! जानेवारीच्या पहाटे ते वीसच्याही खाली उतरते, तर मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या छपराखाली पस्तिशी सहज ओलांडते. थंड देशातील कारखान्याने २० अंशांवर परीक्षा करून 'इतक्या तासांनी साचा काढावा' असे छापले, तर ते वचन येथे श्रावणातही लागू पडेल व वैशाखातही, असे मानणे योग्य नव्हे. ज्या हवेत काम करावयाचे त्याच उष्णतामानावर उष्णतेची परीक्षा करून पाहणे, हाच खरा मार्ग.

थोडे गणित

समजा, १०० किलोग्रॅम कोरड्या अग्निसह मिश्रणात १५ किलोग्रॅम अॅल्युमिना सिमेंट आहे व त्यात १० लिटर पाणी घातले. सिमेंटच्या एका किलोग्रॅममागे ३५० किलोज्यूल धरल्यास १५ × ३५० = ५,२५० किलोज्यूल उष्णता निघेल. कोरड्या द्रव्यास एक अंश तापण्यास सुमारे ८५ व पाण्यास सुमारे ४२, मिळून १२७ किलोज्यूल लागतात. ५,२५० ला १२७ ने भागिले असता ४१ येतात. म्हणजे उष्णता बाहेर न गेल्यास ३० अंशांवर ओतलेले अस्तर आपल्याच ऊबेने ७१ अंशांपर्यंत चढेल.

आता सिमेंट ५ किलोग्रॅम व पाणी ५ लिटर असे घेऊ. १,७५० भागिले १०६, म्हणजे सुमारे साडेसोळा अंश. अलीकडील अल्पसिमेंट मिश्रणे अशा प्रमाणाची असतात. त्यांत अतिसूक्ष्म पुडीने पोकळ्या भरून सिमेंट व पाणी ही दोन्ही कमी केलेली असतात.

हेच गणित धरणास लावून पाहा. एक घनमीटर काँक्रीटचे वजन सुमारे २,४०० किलोग्रॅम. त्यात ३०० किलोग्रॅम सिमेंट, दर किलोग्रॅमास ३०० किलोज्यूल. उष्णतामान सुमारे ३७ अंशांनी चढेल. घराच्या पातळ भिंतीतून ही ऊब निघून जाते. धरणाच्या पोटातून ती जाऊ शकत नाही. बाहेरची बाजू थंड होऊन आकसते, आतील गरम राहते आणि भेगा पडतात. अमेरिकेत १९३१ ते १९३६ या काळात हूव्हर धरण बांधिले तेव्हा काँक्रीटमध्ये शेकडो मैल लांबीच्या नळ्या पुरून त्यांतून थंड पाणी खेळविले होते. भारतीय मानकात अल्पोष्ण सिमेंटला ७ दिवसांत दर ग्रॅमास ६५ कॅलरी व २८ दिवसांत ७५ कॅलरी अशी मर्यादा घालून दिलेली आहे. आपल्या ठाणे जिल्ह्याच्या सीमेवरील घाटघर येथे जी धरणे झाली, ती रोलरने दाबलेल्या काँक्रीटची भारतातील पहिली होत. त्यांत सिमेंटचा मोठा हिस्सा वगळून त्याऐवजी औष्णिक वीजकेंद्रांतील राख घातली, त्याचे एक मुख्य कारण हीच उष्णता होय.

उष्णता काय सांगत नाही

कोणतेही माप कितीही चांगले असले तरी त्याची मर्यादा जाणणे हे शहाणपणाचे लक्षण आहे.

पहिली मर्यादा अशी: अल्पसिमेंट मिश्रणांत कित्येकदा उष्णतेची रेघ चढण्यापूर्वीच मिश्रण ताठर होते. सूक्ष्म कणांना एकमेकांपासून दूर ठेवणाऱ्या द्रव्याचा प्रभाव संपला की कण एकत्र गोठतात व त्यात फारशी उष्णता निघत नाही. म्हणून उष्णतेच्या परीक्षेबरोबर जुनी सुईची परीक्षाही करावी. फ्रेंच इंजिनियर लुई व्हिका याच्या नावाची ही सुई सिमेंटात किती रुतते त्यावरून ते किती आळले ते कळते.

दुसरी मर्यादा: आज आलेली शक्ती उद्या टिकेल किंवा कसे, हे उष्णता सांगत नाही. थंड हवेत झालेले स्फटिक पुढे ऊब व ओल मिळताच पालटून अधिक घट्ट जातीचे होतात. त्यायोगे मध्ये पोकळ्या पडतात व शक्ती घटते. १९७४ च्या फेब्रुवारीत लंडनच्या स्टेपनी भागात सर जॉन कॅस शाळेच्या तरणतलावाच्या छताच्या तुळया कोसळल्या. त्या अॅल्युमिना सिमेंटच्या होत्या आणि तलावाच्या उबदार दमट हवेत त्यांची शक्ती क्षीण झाली होती. त्यानंतर त्या देशात इमारतींच्या भारवाही भागांत या सिमेंटचा वापर जवळपास थांबला. भट्टीच्या अस्तराची गोष्ट निराळी. तेथे आगीने अखेर नवाच बंध तयार होतो. तथापि अस्तरासही आरंभी पुरेशा उबेत जमू देणे हिताचे, कारण थंडीत जमलेले अस्तर अधिक पाणी धरून ठेविते व वाफेस वाट कमी देते.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. डोंगर उतरला, अस्तर थंड झाले, साचाही काढला. याचा अर्थ अस्तर कोरडे झाले असा मुळीच नव्हे. आत पाणी आहेच. काही मोकळे, काही स्फटिकांत बांधलेले. मोकळे पाणी शंभर अंशांच्या आसपास निघते; बांधलेले मुख्यत्वे २०० ते ३५० अंशांच्या दरम्यान सुटते. एक लिटर पाण्याची मोकळ्या हवेत सुमारे १,७०० लिटर वाफ होते. ती अस्तरात कोंडली तर २०० अंशांवर तिचा दाब हवेच्या दाबाच्या पंधरा पटींहून अधिक होतो. काँक्रीट दाबास बळकट असले तरी ताणास दुबळे असते. अशा वेळी घाईने जाळ वाढविला तर अस्तर तोफेसारखे फुटते आणि दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर त्याचे तुकडे येतात. म्हणूनच पहिला जाळ तासागणिक थोडा थोडा वाढवावयाचा आणि ठरावीक टप्प्यांवर थांबवावयाचा असा नियम आहे. काही मिश्रणांत पॉलिप्रोपिलीनचे बारीक तंतू घालितात. ते सुमारे १६५ अंशांवर वितळून वाफेस सूक्ष्म वाटा करून देतात. परंतु तंतू आहेत म्हणून घाई करावी, असा त्याचा अर्थ नाही.

शाळेत करण्याजोगा प्रयोग

अग्निसह सिमेंट विद्यार्थ्यांस सहज मिळणार नाही. परंतु तत्त्व नित्याच्या सिमेंटावरही पाहता येते. हा प्रयोग शिक्षकांच्या अथवा पालकांच्या समक्षच करावा. ओले सिमेंट त्वचेस व डोळ्यांस अपाय करिते, म्हणून रबरी हातमोजे व चष्मा घालावा.

साहित्य: रुंद तोंडाचे दोन सारखे जुने थर्मास, प्लास्टिकचे दोन पेले, ११० अंशांपर्यंतचे दोन थर्मामीटर, कापूस, घड्याळ व आलेखाचा कागद.

कृती: २०० ग्रॅम सिमेंट, ४०० ग्रॅम कोरडी वाळू व १०० ग्रॅम पाणी कालवून एका पेल्यात भरावे. दुसऱ्यासाठी हीच मापे घ्यावी. मात्र पाण्यात चिमटीचा थोडासाच भाग, म्हणजे सुमारे पाव ग्रॅम, साखर विरघळवून घ्यावी. पेले थर्मासात ठेवून तोंड कापसाने बंद करावे. झाकण घट्ट फिरवू नये. कापसातून थर्मामीटर आत सोडावा, मात्र तो प्लास्टिकच्या नळीत तेल घालून तीत ठेवावा, म्हणजे नंतर काढिता येईल. दर अर्ध्या तासाने उष्णतामान टिपावे. शाळा सुटल्यावर रेघ तुटू नये म्हणून आरंभ सकाळी लवकर करावा व पाळ्या लावून घ्याव्या.

निरीक्षण: पहिल्या थर्मासात काही तासांनी पारा निश्चयाने चढू लागेल. दुसऱ्यात तो पुष्कळ काळ जागचा हलणार नाही. एवढीशी साखर एवढ्या सिमेंटास कशी थोपवून धरिते, हे पाहून नवल वाटेल. जुन्या वाड्यांच्या चुन्यात गूळ, बेलफळ व हिरडा घालीत, हे तुम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. तेथे हेतू निराळा होता. परंतु गोड पदार्थाचा चुन्यावर परिणाम होतो, ही गोष्ट आपल्या गवंड्यांना रसायनशास्त्राच्या पुस्तकांपूर्वीच माहीत होती.

दोन्ही रेघा एकाच कागदावर काढाव्या आणि वरील चार प्रश्न त्यांस विचारून पाहावे. हीच परीक्षा एकदा पावसाळ्यात व एकदा उन्हाळ्यात केली तर अधिक बोध होईल.

उपसंहार

शुभवर्तमानात वाळूवर घर बांधणाऱ्या व खडकावर घर बांधणाऱ्या अशा दोन मनुष्यांचा दृष्टांत आहे. पाऊस येईपर्यंत दोन्ही घरे सारखीच दिसत होती. भट्टीच्या दोन अस्तरांचेही तसेच आहे. जाळ लागेपर्यंत त्यांतील भेद डोळ्यांस दिसत नाही. तो आधी दिसावा यासाठीच माणसाने थर्मामीटर, सुई व आलेख ही साधने निर्माण केली.

पालकवर्गास विनंती एवढीच, की ज्यांचा भट्टीशी वा बॉयलरशी संबंध येतो त्यांनी अस्तर ओतल्याची तारीख, वेळ, हवेचे उष्णतामान व पाण्याचे माप एका वहीत लिहून ठेवण्याची सवय लावावी व पहिल्या जाळाच्या वेळी दारासमोर कोणासही उभे राहू देऊ नये. आणि विद्यार्थ्यांनी घरी वडिलांस एक प्रश्न अवश्य विचारावा: 'बाबा, तुमच्या कारखान्यात नवे अस्तर किती तास सुकवितात?' उत्तर मिळाले तर ते वहीत टिपून विज्ञानाच्या तासास घेऊन यावे. उत्तर मिळाले नाही, तर दुसऱ्या दिवशी वडील ते कामावर विचारतील. आणि ज्या भट्टीविषयी कोणी तरी असा प्रश्न विचारितो, तिच्यासमोर काम करणारा मनुष्य संध्याकाळी सुखरूप घरी परतण्याचा संभव अधिक असतो.